दोन डबे, दगडी भिंत आणि तुमचं कपाट

ती. दादांस (म्हणजे माझ्या मेहुण्यांस, पण तसं लिहिलं की तुमची बहीण डोळे वटारते),

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वहिनींनी तुमचं गोड बंद केलं असेल, असं धरून चालतो. आम्ही मजेत आहोत. निदान पत्राच्या या भागापर्यंत तरी आहोत.

तुम्ही पाठवलेले बिनतारी डबे पोचले. कल्पना झकासच. हिचा शिवणाचा ऑनलाइन वर्ग पुढच्या खोलीत होणं शक्य नाही, कारण तिथे माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि भिंतीवरची गिऱ्हाइकांची घड्याळं आपापल्या मताप्रमाणे टोले देतात. म्हणून वर्ग मागच्या खोलीत. पण नेट पुढे, मधे दगडी भिंत, आणि भोक पाडायचं म्हटलं की घरमालक छातीला हात लावून खालीच बसतात. मागे नेट असं रांगतं, की गेल्या आठवड्यात बाही कशी कापायची ते दाखवताना ही पडद्यावर कात्री उगारून तशीच थिजली. एक विद्यार्थिनी घाबरून वर्ग सोडून गेली. असंच चाललं तर बाकीच्याही जातील आणि हिनं एवढ्या हौसेनं उभा केलेला वर्ग बुडेल. ते मला बघवणार नाही, दादा.

तर एक डबा पुढे राउटरला वायरनं जोडला, दुसरा मागे हिच्या संगणकाला. दोघांनी भिंतीतून एकमेकांशी बोलायचं आणि हिरवा दिवा लावायचा, एवढंच काम. (घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस मी, म्हटलं हा तर हातचा मळ.) हिला पुढच्या दिव्यावर पहाऱ्याला बसवलं. मागचा डबा स्टुलावर ठेवला, लाल. इस्त्रीच्या टेबलावर, लाल. हिच्या मापाच्या टेपनं पंख्याला टांगला, तर कोपर बटणाला लागलं आणि डब्यानं गरागरा फिरून माझंच टाळकं शेकलं. तेव्हापासून रोज मी भिंतीला तोंड लावून "झाला का हिरवा?" असं ओरडतो आणि पलीकडून ही "लाल!" म्हणते. शेजारच्या वकीलसाहेबांनी खिडकीतून विचारलं, की घरात सगळं ठीक आहे ना.

शेवटी डब्यासोबतचा कागद वाचला. (तो आधी वाचायचा असतो, असं ही म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.) त्यात स्वच्छ लिहिलंय, मधे लोखंड नको. आता त्या भिंतीला लागून जे लोखंड उभं आहे, ते कुणाचं, याचा उल्लेख मी करणार नाही.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

आपला
(टेंगूळधारी) मेहुणा

ता. क. उल्लेख करतोच. ते तुमचं कपाट आहे. "आठवडाभर राहू द्या" म्हणून ठेवलंत तेव्हा तुमचे चिरंजीव रांगत होते. आता दाढी करतात. भिंतभर रुंद, कुलूपबंद, किल्ली तुमच्याकडे, आणि सरकवू म्हटलं तर "दादाचं आहे" म्हणून ही हात लावू देत नाही. गुडघा कसाही असो, पाया पडतो, ते घेऊन जा. हिच्या वर्गासाठी मागतोय, स्वतःसाठी नाही.

आणखी एक ता. क. दादा, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. कपाट अजिबात नेऊ नकोस. हे दिवसभर मागे डब्यांशी झटतात, त्यामुळे घड्याळांना किल्ली द्यायला कुणी नाही आणि पुढची खोली कशी गपगार झालीय! वकिलीणबाईंचा लॅपटॉप आणून राउटरशेजारी मी तिथेच वर्ग घेते. गेलेली बाईसुद्धा परत आली. भिंतीतून हाक आली, की क्षणभर माईक बंद करायचा आणि "लाल!" म्हणायचं. बिचारे माझ्यासाठी इतके खपताहेत, की खरं सांगायला जीभच रेटत नाही. तेव्हा एक कर. सगळ्या जणींचा ब्लाउज शिवून होईपर्यंत यांना झटायला पुरेल, असा आणखी एक डबा पाठव.