चावून ठेवलेला नान

४ ऑक्टोबर, शनिवार
आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या सुनेने शेजारणीसमोर माझा अपमान केला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे.

तोवर दिवस सुरेख गेला होता. खुजंदहून इस्फराला आले, खत करणाऱ्या गांडुळांची पेटी सगळी वाट मांडीवर. टॅक्सीवाला नाक मुरडून म्हणाला, खाला, सुनेला हा आहेर का? मी म्हटलं, बाबा, ही तुझ्याहून कमी बडबडतात आणि दुप्पट काम करतात. दिलोवर, माझा मुलगा, मार्चपासून रशियात, सुरगुतला बांधकामावर आहे. सून नोझानिन घरात एकटी, म्हणून मी कायमची राहायला आले. ती कामावरून यायची होती. पेटी चुलीशेजारी ठेवली, ओला पुठ्ठा अंथरला, बटाट्याची सालं आणि चहाचा चोथा घातला. दारामागे खिळ्याला वाळक्या नानची पिशवी दिसली. नान कचऱ्यात टाकायचा नसतो. शिळ्या तुकड्यांची अशी पिशवी कुणाच्या घरात नसते? मेंढ्यांना चालतं, मग माझ्या गांडुळांनी काय घोडं मारलंय? नान भिजवला, जमेल तेवढा कुस्करला, घातला.

सून आली आणि किंचाळली. ते तुकडे नव्हते. घर सोडताना दिलोवरने एक घास चावून उरलेला नान टांगला होता, परत येऊन संपवायचा म्हणून.

आणि हे मला शिकवते! त्याचा बाप फौजेत गेला तेव्हा मी दोन वर्षं त्याचा नान सांभाळलाय. पण भिंतीवर, चारचौघांना दिसेल असा. पिशवीत कोंबून दारामागे कोण ठेवतं? शेजारीण मोहपारी म्हणाली, खाला, दातांची खूण तरी बघायचीत. मी म्हटलं, मी आयुष्यभर शाळा तपासल्या, पाव नव्हे.

६ ऑक्टोबर
उरलेलं काढून घ्यावं म्हणून पेटी उघडली. कुस्करा संपला आहे. फक्त चावलेला चतकोर शिल्लक, त्याला एकाही गांडुळाने तोंड लावलेलं नाही. सगळी भोवती गोळा होऊन बसली होती. मी हात घातला तर चतकोर आत ओढला गेला. दुसरा शब्द सुचत नाही.

संध्याकाळी दिलोवरचा फोन. खुशीत होता. काम सोडलं, निघालोय म्हणाला. मी सुनेला सुनावलं, बघ, येतोय की नाही! ती शांतपणे म्हणाली, येणारच. पण माणूस आपला नान असतो तिथेच येतो, आई.

९ ऑक्टोबर
पुन्हा फोन. आवाज दबलेला. कुठे पोचला ते सांगत नाही. अंधार आहे म्हणाला, ऊब आहे, सगळे अंगाला अंग लावून पडलेत. रेल्वेचा डबा असणार. पोटभर खाल्लंस का, विचारलं. म्हणाला, हो, आई. बटाट्याची सालं छान होती.

११ ऑक्टोबर
पेटी आता दोघींना मिळूनही हलत नाही. नोझानिन तिच्यासमोर ताट घेऊन बसते. पुलावातलं मांस, कांदा, तेल, गांडुळांना चालत नाही ते सगळं झाकणाखाली सारते. लगेच संपतं. मी ओरडले तेव्हा म्हणाली, तुमच्यावरच गेलाय, मीठ कमी आहे म्हणतो.

हसत होती.

१२ ऑक्टोबर
फोन बंद. आवाज येतोच आहे. चुलीकडून.

झाकण उचललं. केस. ओले, डोक्यावरच्या भोवऱ्यासकट. त्याखाली गांडुळं उघडत होती, मिटत होती, पापण्यांसारखी — उजेड नको, आई, म्हणाला —

१३ ऑक्टोबर, सकाळी अकरा
नोझानिन बाजारात गेली. दाराला आतून कडी घातली आहे. किटली उकळते आहे.

आत माझा मुलगा असेल तर केसालाही धक्का लावणार नाही. नसेल तर — आवाज कुणीही काढेल. अक्षर नाही काढता येत. दिलोवरचं अक्षर मी वळवलंय. कागद आणि पेन्सिल झाकणाखाली सारली. कोण आहेस, लिहून दे.

अकरा चाळीस
कागद कोरा. तो म्हणतो, आई, हात अजून आले नाहीत. बुधवारपर्यंत थांब.

सबब. असल्या सबबी मी हेडमास्तरांच्याही ऐकल्या नाहीत.

अकरा छप्पन्न
रडतोय. लहानपणी रडायचा तस्साच —

रडणं म्हणजे उत्तर नव्हे. बाराच्या ठोक्याला लेखी उत्तर हवं, पूर्ण नावानिशी, सुवाच्य, नाहीतर ही किटली —

दार वाजतंय. नोझानिन. वाजू दे. अजून चार मिनिटं आहेत, दिलोवर, लिही, दाताने धर पेन्सिल, पण लि