चोपणातलं भात आणि भाजलेलं जिप्सम

चि. बंधूस,

ताईचे आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्याने मागू नयेत. आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझ्या भावजींच्या पोटऱ्या दुखतात, पण त्याचं कारण पुढे येईल आणि त्यात हळहळण्यासारखं काही नाही. तुझ्या बायकोचा घसा अजून बसलेला असेल तर तिला बोलू देऊ नकोस. (तुला ते जमेल का, हा वेगळा प्रश्न.)

तुझं पत्र पोचलं. वडिलांनी आपल्या दोघांच्या नावे ठेवलेला चोपण जमिनीचा तुकडा वीटवाल्याला विकायचा आहे, त्या कागदावर मी सही कधी करते, असं तू विचारतोस. शिवाय तुझ्या नव्या दवाखान्याच्या छतासाठी आणलेली प्लॅस्टर ऑफ पॅरिसची काही पोती कुणी लांबवली, तेही विचारतोस. पोत्यांबद्दल पोलिसांकडे इतक्यात जाऊ नकोस. आधी जमिनीचं ऐक.

भात पोटरीत येईपर्यंत, म्हणजे लोंबी पोटात धरेपर्यंत, तू मला मुदत दिली होतीस. तोवर पीक उभं राहिलं तर तुकडा राहील, नाहीतर जाईल, असं ठरलं होतं. तो गेला तर तुझे भावजी आणि मी दिवसभर एकमेकांसमोर बसून राहणार, हे तुला दिसत नसलं तरी मला दिसत होतं. म्हणून मी कंबर कसली. जन्मभर शाळेत मुलींना रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला चोपण म्हणजे काय हे वीटवाल्याने सांगायची गरज नव्हती. मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसतो, पाणी खाली मुरत नाही, वाळल्यावर वर पांढरा पापुद्रा येतो. जिप्सम घातलं की त्यातला कॅल्शियम सोडियमला उठवून त्याच्या जागी बसतो आणि उठलेला सोडियम पाण्याबरोबर चालता होतो. (नको असलेल्या पाहुण्याला मीही असाच उठवते.) हे सगळं मी तुझ्या भावजींना जेवताना समजावलं आणि ओघात हेही सांगितलं की प्लॅस्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम.

हे सांगायला नको होतं. भावजींना भाजलेले शेंगदाणे कच्च्यांपेक्षा आवडतात. त्यांनी तोच न्याय जिप्समला लावला आणि मी बाजारात गेले असताना कुठूनशी पोती आणून चिखल केलेल्या शेताच्या कोपऱ्यात रिकामी केली. मग आपलं काम कसं दिसतं ते पाहत मधोमध उभे राहिले. मी परतले तेव्हा स्वारी मोज्यांवर दारात उभी.

"बूट कुठायत?"

"शेतात."

"मग आणा की."

"निघत नाहीत."

कोपरा दगडासारखा झाला होता आणि त्यात गमबुटांची जोडी मालकाची वाट पाहत उभी होती. (त्यातून पाय उपसले तेव्हापासून पोटऱ्या दुखतात.) वीटवाला बांधावरून बघून गेला आणि म्हणाला, "ताई, विटा वाळवायला फरशी आत्ताच घातलीत? मी घातली असती की!" मी हातोडीने ढेकळं फोडून घेतली (बूट तेवढे शिक्षा म्हणून तसेच ठेवले), वर पाणी सोडलं आणि त्या कोपऱ्यात एकही रोप लावायचं नाही असं बजावलं. खरं जिप्सम लावणीपर्यंत मिळालं नाही. उरलेल्या शेतात रोपं लावली, ती पिवळी पडली, पानांवर तांबडे डाग आले. मी झिंक सल्फेट दिलं, अमोनियम सल्फेट दिलं. उपयोग शून्य. असल्या मातीत सगळं असूनही मुळांना उचलता येत नाही. दात दाखवायला येऊन तुझ्या खुर्चीत तोंड घट्ट मिटून घेणारा माणूस आठव. अख्खं शेत तसं बसलं आहे.

तेव्हा मी हरले. शब्द दिला होता, तो पाळते. सही केलेला कागद सोबत जोडला आहे. वीटवाल्याला म्हणावं, फरशी पक्की आहे.

तुझी,
ताई

ता. क. सोबत कागद जोडलेला नाही, शोधू नकोस. पाकीट बंद करण्याआधी निदान बूट तरी सोडवून आणावेत म्हणून त्या कोपऱ्यात गेले. उरलेली रोपं फेकवेनात म्हणून तुझ्या भावजींनी ती गुपचूप तिथेच खोचली होती. ती हिरवीगार आहेत, पोटरीत आली आहेत आणि त्यांच्यामुळे बूट दिसेनात. भाजलेलं जिप्सम पाणी प्यायलं की पुन्हा जिप्समच होतं. हे मी मुलींकडून घोकून घेत असे. मुदतीत पीक उभं राहिलं. कुठल्या कोपऱ्यात, ते ठरलं नव्हतं.

आणखी एक. पोती तुझीच. उरलेलीही पुढच्या लावणीआधी पाठवून दे. छतावर वेलबुट्टी हवीच कशाला? तुझ्या खुर्चीत माणसं डोळे मिटूनच पडतात.

आणि त्यांचंच खरं ठरलं हे भावजींना कळता कामा नये. बूट सापडले, एवढंच मी त्यांना सांगितलं आहे.