खिडकीजवळचं नवं मशीन

३ जाने. ९४, सोम.
गुडघा धरलाय. ऊन अंगणात आल्यावर उठलो. विनूनं पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास घातल्यापासून माझी पुस्तकं माळ्यावर, अन् मी दाराशी स्टुलावर. मशीनं दोनच. कपाटाजवळचं जुनं, खिडकीजवळचं नवं. दोन्हींना मराठीचं कार्ड बसवलंय. आज चिरंजीवांनी माझी आवडती, चौथीतली ओढ्याची कविता नव्या मशीनच्या पडद्यावर खालून वर चालवली. मन भरून आलं. पण ओळी उड्या मारत वर जायच्या. म्हटलं, विनू, ओढा असा ठेचकाळत नाही रे.
"थांबा आबा, करतो गुळगुळीत."

५ जाने.
केलं खरंच. मशीनच्या पोटात म्हणे सारखा ठोका पडत असतो, ठोक्यागणिक ते जागचं हलतं. ठोके दूर दूर, म्हणून उड्या. विनूनं लहानसा प्रोग्रॅम लिहून ठोके जवळ जवळ आणले. जुन्या मशीनला सोसवलं नाही, गोठून बसलं. नव्यावर मात्र कविता काय वाहिली!
चुडाव्याची एकखोली शाळा डोळ्यांपुढं आली. तिथं घड्याळ नव्हतं. शुद्धलेखन घातलं की मी हीच कविता मनात म्हणायचो, सगळी कडवी, न घाई न रेंगाळणं. संपली की पाट्या खाली. पोरं माझ्या ओठांकडं बघत लिहायची.
प्रोग्रॅम सुरू करायला मलाही शिकवलं. दोन अक्षरं टाकायची, एंटर. मशीन बंद करेपर्यंत चालू राहतो.

८ जाने.
नव्या मशीनचं घड्याळ पुढं पळायलंय. रेडिओवर दुपारच्या बातम्या, अन् मशीनच्या हिशेबानं दिवेलागण. विनूला दाखवलं. त्याला ठाऊकच होतं. मशीन तेच ठोके मोजून वेळ धरतं, ठोके जवळ आले की वेळही घाईत. बंद करून लावलं की पुन्हा बरोबर, मागं खूण राहत नाही. म्हणाला, पळू द्या, आपल्याला काय करायचंय, कविता चालायलीय ना?
ते बाकी खरं.

११ जाने.
सूतगिरणीला एक ऑपरेटर पाहिजे. परीक्षा आपल्याच क्लासात. विनूला गिरणीचं सगळंच काम मिळायची आशा, म्हणून सेक्रेटरीसाहेबांच्या भाच्याला फार जपतो. भाचा दोन बोटांनी टाइप करतो अन् मधेच केस विंचरतो.
दुसरी उमेदवार सुनंदा. चुडाव्याच्या बौद्धवाड्यातला किसन माझ्या शाळेत होता, त्याची मुलगी. रोज रेल्वेनं येते. बोटं चालली की लाह्या फुटल्यासारखा आवाज. सूनबाईला सांगत होती, नोकरी लागली न्हाई तर उन्हाळ्यात लग्न. नवरा बिजवर, पदरी दोन लेकरं. हसत हसत सांगितलं. नंतर किती तरी वेळ टाइप केलं नाही.

१५ जाने.
काल संक्रांत. विद्यापीठाचं नामांतर झालं. सुनंदानं आज क्लासात पेढे आणले. भाच्यानं तिच्यादेखत पेढा कागदात गुंडाळून खिडकीबाहेर फेकला, अन् रुमालाला बोटं पुसली. विनू स्क्रू पिळत राहिला. सूनबाई म्हणाली, देवापुढं ठेवते. संध्याकाळी तो गायीच्या घमेल्यात दिसला.
मी खाल्ला. गोड होता. दुसरं काय लिहू.

१८ जाने., मंगळ.
परीक्षा झाली. जमेल तसं लिहून ठेवतो.
विनूनं सुनंदाला खिडकीजवळचं नवं मशीन दिलं, भाच्याला जुनं. सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले, बघा, मुलीला चांगलं मशीन, आमच्या पोराला भंगार, याला म्हणतात न्याय. मग आत चहाला गेले. वेळ मशीननंच धरायची, वेळ संपली की ते अक्षरं घेणं बंद करतं.
सवयीनं मी मनात कविता सुरू केली. ओढा अजून गावाबाहेरच होता, अन् सुनंदाचं मशीन थांबलं. मजकूर अर्धा. भाच्याचं टकटक चालूच. ओढा नदीला मिळाला तरी चालूच. त्याचा मजकूर पुरा झाला.
नवं मशीन थांबलं तेव्हाच मी म्हटलं, विनू, वेळ झाली नाही अजून. तो म्हणाला, आबा, आत जाऊन चहा घ्या.
सुनंदा उठली नाही. हात तसेच कळांवर. विनू तिला समजावल्यासारखं, अगदी गोड आवाजात म्हणाला, "मशीन जात बघत नाही, सुनंदा."
सेक्रेटरी मिशा पुसत बाहेर आले. "परवाच नाव मिळालं ना तुमाला? सगळं एकाच आठवड्यात पाहिजे का?"
सगळे हसले. सूनबाईसुद्धा, दाराआडून. विनूनं वाकून नव्या मशीनचं बटण बंद केलं.

१९ जाने.
विनूला विचारलं, प्रोग्रॅम चालू ठेवला होतास? वर न बघता हो म्हणाला. मग एवढं, "कवितेवर वेळ मोजणारा म्हातारा अन् मला कॉम्प्युटर शिकवतोय." जेवताना सूनबाईला ऐकू जाईल असं म्हणाला, आबांचं डोकं चालेनासं झालंय, पालमला ताईकडं पाठवू, तिथं हवा चांगली.
लेकीच्या घरी मला कोपराही नाही. त्याला माहीत आहे.

२१ जाने.
सुनंदा राहिलेली वही न्यायला आली. विनू बाहेर होता. सगळं सांगितलं. ठोके, घड्याळ, नवं मशीन.
ऐकून म्हणाली, "मला वाटलंच हुतं. बाबांनी सांगितल्यालं, गुरुजींच्या ओठाकडं बघ. मशीन थांबलं तवा तुमचे ओठ हालायलते."
मग विचारलं, मशीन पळतंय हे मला कधीपासून म्हायती. आठ तारखेपासून, म्हटलं. तिनं वही उचलली. गुरुजी म्हणाली नाही त्यानंतर.
रविवारी सेक्रेटरी भाच्याच्या नोकरीचा कागद घेऊन यायचेत. तेव्हा तिनं नव्या मशीनवर बसायचं, मी दोन अक्षरं टाकायची, सेक्रेटरींनी स्वतःच्या मनगटावर बघायचं. असं तिनंच ठरवलं. मी मान हलवली.

२३ जाने., रवि.
सकाळीच मशीन लावून पाहिलं. दोन अक्षरं, एंटर. इंग्रजीत उत्तर आलं, अशी आज्ञा नाही. पुन्हा टाकली. तेच. कविता शोधली, तीही नाही.
विनू डोकं पुसत मागं उभा होता. "जागा कमी पडायलती, आबा. पुसलं सगळं."
त्यानं सेक्रेटरींसाठी खुर्ची मांडली. ओसरीत माझी पिशवी भरून ठेवलीय, वर घडी केलेली शाल. दुपारी पालमची गाडी आहे म्हणे.
सुनंदा केव्हाची येऊन बाहेरच्या पायरीवर बसली. किसनही आलाय. पांढरा झालाय पार, तरी उभाच राहिला माझ्यापुढं. म्हटलं, मुली, दाखवायला काही उरलं नाही.
"तुमाला तोंड हाय ना," ती म्हणाली.
जीप थांबली. विनू हसत हसत बाहेर गेला. सेक्रेटरी विचारायलेत, गुरुजी कुठायत, त्यांच्या हातानंच कागद देऊ पोराला, शुभ असतं. किसन दारातून माझ्याकडं बघायलाय, वर्गात बघायचा तसा.
बोलावणं आलं.