आधी घर सांग

प्रिय एडविन,

मासिकातली तुझी गोष्ट वाचली. खरं सांगू? पहिल्याच पानावर भूत दारात हजर. बिचाऱ्याला आत बोलावून चहा विचारावा असं वाटलं मला. रागावू नकोस. बाबा एकदा तुझ्या गोष्टीला हसले, तर तू तीन नाताळ घराकडे फिरकला नाहीस. आता माझ्यावरही रुसलास, तर मी भांडू कुणाशी? यंदा तरी तू घरी यावंस, एवढंच माझं मागणं आहे.

नाताळच्या आदल्या रात्री बाबा गोष्ट सांगायला बसायचे ते आठवतं? दिवा मालवायचे आणि कितीतरी वेळ काही बोलायचेच नाहीत. मग हळूच म्हणायचे, "ऐका, घर काय म्हणतंय." आणि घर खरंच बोलायला लागायचं. धुराड्यात वारा घुमायचा, जिन्याच्या पायऱ्या कुणी नसताना करकरायच्या, माळ्याचं दार थोडंसं उघडून परत लागायचं. बाबांनी गोष्टीला तोंड फोडायच्या आत तू माझ्या शालीत शिरलेला असायचास. भूत यायचं ते अगदी शेवटी, कधी कधी यायचंच नाही. तरी रात्रभर तू दचकायचास आणि लाथा मी खायचे.

इथे आठवडाभर धुकं आहे. माळ दिसत नाही, कुंपण दिसत नाही. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येतात, त्याही कुठून ते कळत नाही. काल दुपारी मी बागेत उभी होते, वळून बघते तर घरच दिसेना. वाटलं, आपण झोपेत चालतोय आणि घर आपल्याला इथेच विसरून पुढे निघून गेलंय. चाचपडत आत आले. घड्याळाची टिकटिक नाही. दिवाणखान्यातला आरसा भिंतीकडे तोंड करून आहे. एवढ्या थंडीत बाबांच्या खोलीची खिडकी सताड उघडी, आणि धुकं आत येऊन पलंगापाशी थांबलेलं. खाली स्वयंपाकघरात शेजारच्या थ्वेटबाई शहाजिऱ्याची बिस्किटं भाजत होत्या आणि चकार शब्द बोलत नव्हत्या. थ्वेटबाई गप्प बसलेल्या तू कधी पाहिल्यास का? मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

तुला आता कळलंच असेल. पोस्टमास्तर म्हणाले, तार कर. पण तारेत घर मावत नाही रे. रविवारी संध्याकाळी मी बाबांना तुझी गोष्ट वाचून दाखवली. डोळे मिटून त्यांनी सगळी ऐकली. मला वाटलं, झोपले. तर म्हणाले, "पोरगं लिहितं चांगलं, पण घाई फार. त्याला म्हणावं, आधी घर सांग." मग जरा वेळाने विचारलं, "यंदा येईल का गं तो?" मी येईल म्हणाले. सोमवारी पहाटे बाबा गेले.

म्हणून तुला आधी घर सांगितलं: माणूस गेल्यावर बंद ठेवलेलं घड्याळ, फिरवलेला आरसा, उघडी खिडकी, मयताला येणाऱ्यांसाठीची बिस्किटं. मधमाश्यांच्या टोपल्यांवर मी काळं कापड बांधलंय, पण त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. घराच्या किल्लीने टोपलीवर ठोठावून धनी गेल्याचं सांगावं लागतं, नाहीतर त्या पोळं सोडून जातात. थ्वेटबाई म्हणतात, तूच सांगून टाक. पण ते मुलानेच सांगायचं असतं, आणि माझ्या तोंडून ते निघतही नाही. टोपलीला कान लावला तर आत हळू गुणगुण चालू आहे. बाबा आहेत असंच त्यांना अजून वाटतंय. किल्ली माझ्या खिशात आहे. ये आणि घे.

पुन्हा लाथा खायला तयार असलेली,
तुझीच
हेस्टर