जन्मभर अनवाणी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुझ्याशी एका शब्दावरून भांडते आहे. जन्मभर. हा शब्द तू माझ्यासाठी वापरलास, मला न विचारता, आणि त्याचा अर्थ तुलाही ठाऊक नव्हता.

युद्धाचे दिवस होते. आमच्या कडावात हिवतापाची साथ होती आणि त्यावरचं औषध, कोयनेल, कर्जतच्या दवाखान्यातही मिळत नव्हतं. धाकटा भाऊ गोधडीत कुडकुडत पडलेला. तू मला ओढत देवीच्या देवळात नेलंस, माझं डोकं पायरीवर टेकवलंस आणि मोठ्यानं म्हणालीस, "माज्या पोराला उठीव गं माये, माजी पोरगी जन्मभर पायात वहान घालनार नाय." नवस असा मोठ्यानंच बोलायचा असतो, देवीनं ऐकला पाहिजे ना! परत येताना बांधावर तू चक्क हसलीस. म्हणालीस, "आपल्यात वहाना हायेत कुनाला? फुकटात काम झालं." खरंच होतं ते. आमच्या घरात चपला फक्त बाबांच्या, त्याही लग्नकार्यापुरत्या. देवीला गंडवल्याचा आनंद तुझ्या तोंडावर मावत नव्हता. भाऊ उठून बसला, भाकर मागू लागला, तेव्हा मलाही नवस स्वस्तच वाटला.

पुढे मी सातवी पास झाले. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी मला पुण्याला नर्सच्या शिक्षणाला पाठवायचं ठरवलं. बाबा कसेबसे हो म्हणाले. मला दुसरं काही नकोच होतं. निघायच्या आधी बाईंनी सहज सांगितलं, तिथं बूट घालावे लागतात, वॉर्डात अनवाणी चालत नाही.

मी चुलीपुढं बसून तुला हे सांगते आहे. तू परातीत भाकर थापते आहेस. तुझा हात थांबतो. "मंग नाय जायाचं," तू म्हणतेस. मी ओरडते, जन्मभर कशाला म्हणालीस? वर्षभर म्हणायचं होतंस, भावाचं लग्न होईपर्यंत म्हणायचं होतंस! तू माझ्याकडे बघतही नाहीस. "मला काय ठावं गं? जन्मभर म्हंजे लय, येवढंच ठावं व्हतं. म्हटलं, देवीला लय द्यावं." खोटं नव्हतीस बोलत, म्हणून तर जास्त राग आला.

गुरवानं तोड काढली. जिनं नवस बोलला तिनंच देवीला गाऱ्हाणं घालायचं, नारळ द्यायचा आणि मला मोकळं करून घ्यायचं. तू गेलीस. मी देवळाबाहेर उभी होते. तू बाहेर आलीस तेव्हा नारळ तसाच पदरात होता. "त्वांडच उघडलं नाय गं. पोराला काय झालं म्हंजे?" मी विचारलं, आणि माझं काय? तू मला जवळ घेतलंस. बाईंनी पुण्याला दुसरी मुलगी पाठवली. मला खालापुरात दिलं. मग तूच गेलीस, नवस तसाच ठेवून, आणि मला मोकळं करणारं कुणी उरलं नाही.

मी यातलं काही मानत नाही, आई. भाऊ आता नातवंडांचा आजोबा आहे. तोच म्हणतो, "ताय, घाल की गं चपला." टाचा फुटून रक्त येतं म्हणून सुनेनं मऊ चपला आणल्या. परवा त्या घालून अंगणात उतरले. पाय माझे वाटेचनात. तेवढ्यात भाच्यानं येऊन सांगितलं, "आत्या, बाबांना ताप भरलाय."

ताप किती आहे, डॉक्टर आला का, काही न विचारता मी आधी चपला काढल्या. ताप साधाच होता, उतरला. चपला मी पुन्हा घातल्या नाहीत, आता घालणारही नाही.

तुझ्याशी भांडण मिटलं असं मात्र समजू नकोस. हे लिहिलेलं पाठवायला तुझा पत्ता नाही, तेच बरं. नाहीतर तुला हेही कळलं असतं, की त्या दिवशी देवळात तुझ्या जागी मी असते, तर माझंही तोंड उघडलं नसतं.