खंडेनवमीला धुतलेलं यंत्र

सासूबाई,

आज सकाळी यंत्र उघडलं. वर्षातून दोनदा उघडते, पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरल्यावर, तुम्ही उघडायचात तसंच. खाली जुन्या धोतराचा तुकडा अंथरला. दांडा काढला, मग चाकी, मग लोखंडी वाटी, मग आतला दात्यांचा गोळा. ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत गेले. परत बसवताना उजवीकडून सुरुवात करायची, ही युक्ती तुमची. दात्यांच्या खाचांत जुनी पूड तेलकट होऊन बसते. ती कडुलिंबाच्या काडीने टोकरून काढली, कोरड्या फडक्याने पुसलं. पाणी लावलं नाही. इतक्या वर्षांत ते एकदाच लागलं, आणि त्या एकदाबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. मी खालापुरात मुलींच्या शाळेत शिकवते. खरं बोला, असं मुलींना रोज सांगते. आज सुट्टी आहे आणि घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या घरी आले तेव्हा मला चौदावं लागलं होतं. कर्जत स्टेशनमागे रेल्वेच्या चाळीत दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपलीकडे विहीर. तुमचा मुलगा तार ऑफिसात होता. घाट चढण्यासाठी गाडीला मागून दुसरं इंजिन लावत, त्या धक्क्याने आपल्या फळीवरची भांडी किणकिणत. कोनाड्यात ते कॉफी दळायचं यंत्र असे: लाकडाची चौकोनी पेटी, तिला खाली खण, वर वाटी आणि वाकडा दांडा. मामंजी रायचूरला नोकरीत असताना मायदेशी परत जाणाऱ्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ते तुमच्यासाठी घेतलं होतं. मी आले तेव्हा मामंजी जाऊन तीन वर्षं झाली होती. तुम्ही लाल आलवणात, एक वेळ जेवणाऱ्या. मला तुम्ही म्हाताऱ्या वाटायचात. चाळिशीच्याही नव्हतात, हे आता त्या वयाला आल्यावर कळतं. कॉफी अन्नात मोडत नाही असं तुम्हीच ठरवलं होतं, कुणाला विचारलं नव्हतं. सकाळी एक पेला आणि दुपारी एक, यावर तुमचा दिवस उभा असे.

चाळीतल्या बायका हसत. शेजारीण दारात उभी राहून विचारायची, ‘आज कोळसा किती कुटलात?’ तुम्ही म्हणायचात, ‘तुला पुरेल एवढा,’ आणि पेलाभर तिलाही द्यायचात. साहेबाच्या घरची वस्तू स्वयंपाकघरात कशी चालते, असं कुणी विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं: ‘भाजलेलं बी, कोरडं लोखंड. कोरड्याला विटाळ नाही.’ हे मी कितीदा ऐकलं होतं. पण ते लोकांना द्यायचं उत्तर आहे असं मला वाटे. यंत्राला पाणी चालत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही. तुम्ही भिंतीला टेकून, पेटी गुडघ्यांत धरून दळायचात आणि मी समोर बसून बघायची. ‘काय बघायलीस? ये की, फिरव.’ मी जोर लावला की हातावर हात ठेवायचात. ‘रेटू नकोस. दाणा अडकलाय. थोडं मागं घे, मग पुढं.’ मग खण ओढून चिमूट माझ्या बोटांवर ठेवायचात. बारीक रव्याएवढी झाली पाहिजे. पावसाळ्यात दाणे सादळतात, तेव्हा चाकी अर्धा फेरा सैल करायची.

मला त्या घरात भीती कशाची होती, ते तुम्हाला माहीत होतंच. माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या सासरच्यांनी परत पाठवलं होतं. लोणच्याची बरणी तिच्या हातून फुटली, हे कारण. खरं काय असेल ते असो, आमच्या घरात बोललं गेलं ते बरणीबद्दलच. ती माहेरी ओसरीच्या कोपऱ्यात बसून वाती वळायची आणि तिच्याशी कुणी फारसं बोलत नसे. मला सासरी पोचवायला आलेल्या वडिलांनी निघताना दुसरा काही उपदेश केला नाही. ‘काही फोडू नकोस,’ एवढंच म्हणाले.

पहिल्या वर्षीच्या नवरात्रात मामंजींची थोरली बहीण सोलापूरहून राहायला आली. तुम्ही त्यांना वन्सं म्हणायचात, मीही इथे तेच म्हणते. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं धुऊन पूजेला मांडायची. मी पहाटे उठून विहिरीवर बसले. जात्याची तळी, पाटा-वरवंटा, विळी, अडकित्ता. मग यंत्र घेतलं. सगळ्यांत कळकट तेच दिसत होतं. वाटी चिंचेने घासली, दांडा राखेने, आणि वरून तांब्याने पाणी सोडत राहिले. खालून काळं पाणी येत होतं. ते निवळेपर्यंत हात थांबवला नाही. मला फार समाधान वाटलं. पूजा मीच केली, कारण तुम्हाला हळदकुंकवाला हात लावायचा नव्हता. तुम्ही आतल्या खोलीत होतात. वन्सं यंत्रावरचं झेंडूचं फूल बघून म्हणाल्या, ‘साहेबाचं यंत्र देवापुढं का? पुढच्या वर्षी साहेबालाच पाटावर बसवा, वहिनी.’ त्या दिवशी अवजारांना विसावा, म्हणून कॉफी तुम्ही आदल्या दिवशीच दळून ठेवली होती. यंत्र आत पाणी घेऊन दिवसभर आणि रात्रभर तसंच राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी दांडा फिरेना. तुम्ही थोडं मागं घेतलंत, मग पुढं. मग पेटी उपडी केलीत आणि तळहातावर तांबडं पाणी पडलं. तुम्ही वाटीत डोळा लावून पाहिलंत. आवाज न चढवता विचारलंत, ‘हे कुणी धुतलं?’ वन्सं उंबऱ्यात उभ्या होत्या. मी म्हणाले, ‘दहिवलीवालीनं.’

नदीपलीकडच्या दहिवलीहून एक बाई आपली भांडी घासायला यायची, तिला सगळे दहिवलीवाली म्हणत. दसऱ्याला ती येणार नव्हती. आपण काय बोललो ते माझ्या लक्षात आलं तेव्हा वन्सं बोलू लागल्या होत्या. ‘तिनं की हिनं? थोरलीनं बरणी फोडली, धाकटीनं यंत्र. एकाच तव्यावरच्या पोळ्या या. उद्या त्या बाईला माझ्यासमोर विचारा, वहिनी. हिचं निघालं तर जाताना मी स्वतः हिला बापाच्या दारात सोडते.’ तुम्ही म्हणालात, ‘विचारू की उद्या.’ मी दिवसभर कामाला लागून राहिले. कपाळ दुखतं म्हणून तुम्ही सुंठीचा लेप लावलात. तुमचं कपाळ का दुखतं हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. वन्सं पडवीत पाट मांडूनच बसल्या होत्या. दहिवलीवाली आली, पदर खोचला. तुम्ही विचारलंत, ‘नवमीला यंत्र तू धुतलंस का गं?’ मी दाराआड होते. मला पायाखालचं शेण दिसत होतं, आदल्याच दिवशी मी सारवलेलं. ती म्हणाली, ‘व्हय, मीच धुतलं. काळं दिसलं म्हनून. मला काय ठावं, त्येला पानी चालत नाय.’

‘अक्कल गहाण टाकलीस काय?’ वन्सं म्हणाल्या.

‘नाय बाय. माजी अक्कल गहाण घेतो कोन?’

वन्सं बराच वेळ बोलल्या. तिच्या जातीवर गेल्या, गावावर गेल्या. ती खाली बघून राख कालवत राहिली. शेवटी वन्सं म्हणाल्या, ‘हिला आधी काढून टाका.’ तुम्ही म्हणालात, ‘काढते की. पण बिघडवलेलं आधी नीट करू दे. सूनबाई, तू बस हिच्याजवळ. कसं उघडतात ते बघून ठेव.’

दुरुस्ती दोन दिवस चालली. घासलेट ओतून चाकी सैल केली, गोळा बाहेर आला तो तांबूस झालेला. विटकरीची पूड आणि फडकं घेऊन आम्ही दोघी एकेक दाता घासत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे. तुम्ही कपाळाला फडकं बांधून समोर बसलात. एकादशीचा उपास, आणि त्यात कॉफी नाही. शेजारीण डोकावली, ‘आज कोळसा नाही?’ तुम्ही म्हणालात, ‘खाण बंद आहे.’ मग आमच्याकडे वळून, जणू सहज, सांगू लागलात की रायचूरला पहिल्याच महिन्यात तुम्ही यात हळकुंडं घातली होती. मामंजींनी महिनाभर पिवळी कॉफी प्यायली. ‘काही म्हणाले नाहीत. फक्त एकदा विचारलं, रायचूरचं पाणीच असं असतं का म्हणून.’ दहिवलीवाली हसली. मलाही हसू आलं, आणि मग दोन दिवस दाबून धरलेलं रडू. तुम्ही पाहिलं नाहीत, किंवा पाहिलं नाही असं दाखवलंत. यंत्र जुळवल्यावर त्यातून कोरडे तांदूळ दळायला लावलेत. पहिली मूठ विटकरी रंगाची निघाली, मग करडी. ‘पांढरं येईस्तोवर,’ तुम्ही म्हणालात. संध्याकाळपर्यंत पांढरं आलं. त्रयोदशीला वन्सं गेल्या. दुपारी तुम्ही पहिला पेला तोंडाला लावलात. ‘लोखंड लागतंय जरा. रक्ताला बरं.’ पेला खाली ठेवून म्हणालात, ‘आजपासून हे तुझ्याकडं.’ दहिवलीवालीला काढून टाकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

नंतर मी बरंच काही फोडलं. कपबश्या, कंदिलाची एक चिमणी, एकदा तुमचा चष्मा. तुम्ही ‘वेच नीट, पायात जाईल’ म्हणायचात. मला शिकायला पुण्याला पाठवायचं ठरलं तेव्हा चाळ बोलली, तुमचा मुलगाही दोन दिवस गप्प होता. तुम्ही त्याला एवढंच म्हणालात, ‘तिला जाऊ दे. घर मी बघते.’ ट्रंक भरली तेव्हा तळाशी यंत्र होतं, खणात जुनं पातळ कोंबलेलं. तुमच्या कॉफीचं काय, असं मी विचारलं. ‘खलबत्ता आहे की.’ दोन वर्षं तुम्ही खलबत्त्यात कुटलेली जाडीभरडी कॉफी प्यालात. पुण्याच्या वसतिगृहात मी वाचलेलं पुष्कळसं विसरले. हे विसरले नाही.

तुम्ही गेलात त्याला आता बारा वर्षं झाली. तेराव्याला दहिवलीवाली मागच्या पडवीत भांड्यांच्या ढिगापाशी बसली होती. तिचे केस पिकले होते. ती आपणहून बोलली. ‘दसऱ्याच्या सांजेला म्हातारी आमच्या घरी आलती. त्या वर्साला, यंतर बिघडलं तवा. दारात हुबी ऱ्हायली. म्हनली, उद्या इचारीन त्याला हो म्हन. पावनी बोलंल ते ऐकून घे. माजी सून घाबरलीय. तुला कोन कुटं पाटवनार? तुजं घर हितंच हाय.’ दसऱ्याच्या त्या संध्याकाळी तुम्ही देवळात जाऊन येते असं सांगून बाहेर पडला होतात, ते मला आठवलं.

म्हणजे मी खोटं बोलले, हे तुम्हाला मी बोलले तेव्हाच कळलं होतं. तुम्ही मला परत पाठवू दिलं नाहीत. मी आज जी कोणी आहे ती त्या संध्याकाळमुळे आहे, आणि त्याबद्दल लिहायला माझ्याकडे मोठे शब्द नाहीत. पण सासूबाई, तुम्ही मला वाचवलंत ते तिचं नाव पुढे करून. ते नाव पुढे करायला तुमचं नव्हतं. वन्सं ज्या शब्दांत बोलल्या ते शब्द तुम्हीही ऐकलेत, मीही. पुष्कळ विचार करून पाहिला, त्या सकाळी तुम्हाला दुसरं काय करता आलं असतं ते मला सुचत नाही. एक मात्र सुचतं. मला दाराआडून पुढे येता आलं असतं.

त्या तेराव्याच्या दिवशी तिने मला आणखी एक विचारलं. ‘पन त्ये धुतलं कुनी व्हतं गं? म्हातारीला इचारलं मी त्या सांजेला. म्हनली, ठावं नाय, आनि तूबी नको इचारू.’ बारा-तेरा वर्षं तिने विचारलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर विचारलं. तिचे दोन्ही हात राखेत होते. मी म्हणाले, ‘फार वर्षं झाली. आठवत नाही.’

‘व्हय,’ ती म्हणाली, ‘मला तरी समदं कुटं आटवतं,’ आणि पातेलं पुढे ओढलं.

ती अजून आहे, दहिवलीत, मुलाकडे. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिता आलं. तिला वाचता येत नाही. तिच्यासमोर बसून तोंडानेच सांगावं लागेल. खालापूरहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत माणूस दहिवलीला पोचतं. मी अजून गेलेले नाही.