भट्टीपासून लांब

लाडक्या ठमीला आणि आपल्या भट्टीला अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने मला विश्रांतीसाठी इथे आणलं खरं, पण तीन दिवसांत मी पाच बेकऱ्या आणि दोन गोळ्या-चॉकलेटांची दुकानं पालथी घातली. एका दुकानात गोळ्यांसाठी गरम पाक ओढत होते, ते बघून माझे हात शिवशिवले. बेकरीत आई म्हणते, "अहो, पाव खायचा असतो, दाबून काय बघताय?"

पीठ नीट फुगतंय ना? भट्टीचं दार जरा उचलून लाव. गिऱ्हाइकं माझी चौकशी करतात का?

काल आईला फोनवर म्हणालीस म्हणे, "बाबांवाचून काही अडलं नाही." ऐकून बरं वाटलं. तेव्हापासून इथला एकही पाव घशाखाली उतरत नाही.

तुझा,
रिकामा बाबा